हळहळ कोणाची?

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. पान सोडायला पाऊण तास उरला होता आणि जिल्ह्याच्या पानावर डाव्या हाताला दोन कॉलमची जागा रिकामी होती. ऐन वेळी जाहिरात रद्द झाली की अशी जागा पडते. तेवढ्यात तालुक्याच्या बातमीदाराचा फोन आला. शेततळ्यात बुडून दोन शाळकरी भावांचा मृत्यू. कॉपी व्हॉट्सअॅपवर टाकलीय, म्हणाला. मी उघडली. अकरा ओळी. पहिल्या चार ओळींत गाव, नावं, वयं, वेळ. पाचव्या ओळीपासून पुढे: काळाने घाला घातला, कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला, आईने फोडलेला हंबरडा उपस्थितांचे काळीज पिळवटून टाकणारा होता, गावावर शोककळा पसरली, परिसरातून हळहळ व्यक्त होत आहे.

मी त्याला परत फोन लावला.

"भाऊ, तू जाऊन आलास का?"

"नाही ताई. चाळीस किलोमीटर आहे. पोलीस पाटलांनी फोनवर सांगितलं."

"मग आईचा हंबरडा?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, आई आहे ती. फोडलाच असेल ना."

फोडलाच असेल. त्याच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याला स्वतःला दोन मुलं आहेत, आणि ती ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे तीच असतील. पण डेस्कवर बावीस वर्षं काढल्यावर त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं, की या कॉपीतल्या शेवटच्या सात ओळी मी याआधी शेकडो वेळा वाचल्या आहेत. नावं बदलतात, गाव बदलतं, तळ्याच्या जागी विहीर येते, विहिरीच्या जागी महामार्ग. शेवटच्या सात ओळी त्याच राहतात. वेळ नव्हता. मी कॉपी तशीच लावली, दोन कॉलम भरले, पान सुटलं.

दोन दिवसांनी मी त्याला त्या गावी पाठवलं. येऊन त्याने जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण तेव्हा ते छापायचं राहून गेलं. तळं द्राक्षबागेच्या कडेला होतं, कागद टाकलेलं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: शेततळ्यातलं पाणी जमिनीत जिरू नये म्हणून तळाला आणि चारी बाजूंच्या उताराला जाड प्लास्टिक अंथरतात. शेतकरी त्याला ‘कागद’ म्हणतात. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत गेलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी काठाला लागल्यावर धरायला काही नसतं. हात टेकवला की हात घसरतो, पाय रोवला की पाय. धाकट्याची चप्पल पाण्यात पडली, ती काढायला तो उतरला. त्याला ओढायला थोरला उतरला. बरोबर चुलत बहीण होती, सहा वर्षांची. तिने धावत जाऊन वस्तीवर सांगितलं. तळ्याला कुंपण नव्हतं. काठाला बांधलेला दोर नव्हता.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आमच्याकडच्या कोरड्या तालुक्यांत गावोगाव तळी झाली. त्या तळ्यांनी बागा जगवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच तळ्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं जातात, हेही दरवर्षी आमच्याच पानावर येतं. पण कुंपण आणि दोर, या दोन गोष्टी आमच्या अकरा ओळींत कुठेच नव्हत्या. त्यांची जागा हळहळीने घेतली होती.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

खरं तर हळहळ हा मला मराठीतला फार जवळचा शब्द वाटतो. दुःख स्वतःचं असतं. चुटपुट आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टीची असते. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीची असते, आणि तिच्यात ‘हे टळू शकलं असतं’ अशी एक बारीक कळ असते. माझी आजी हळहळायची ते मी पाहिलंय. शेजारच्यांची व्यायला झालेली म्हैस गेली तेव्हा ती रात्री जेवली नाही. सकाळी तांब्याभर दूध घेऊन त्यांच्याकडे गेली, कारण त्यांच्या घरात लहान मूल होतं. तिची हळहळ अशी चालत जायची, कोणाच्या तरी दारापर्यंत.

आमच्या बातमीत हळहळ ‘व्यक्त होत आहे’. या वाक्यात कर्ता शोधायला गेलं तर हळहळ हीच कर्ता. तीच होते, तीच व्यक्त होते, आणि ‘परिसरातून’ येते, कुठून तरी धूर यावा तशी. माणूस कुठेच नाही. कोण हळहळलं, कशाबद्दल, त्याने पुढे काय केलं, यातलं काही सांगावं लागत नाही. ‘शोककळा पसरली’, ‘भीतीचे वातावरण आहे’, ‘समाधान व्यक्त होत आहे’, ‘उत्साहाला उधाण आले’, सगळ्यांची बांधणी हीच. वाचणाऱ्याला आपण काहीतरी वाचलं असं वाटतं, आणि लिहिणाऱ्याला आपण लिहिलं असं.

एकदाच असं झालं की या बांधणीने आम्हाला सगळ्यांना भर डेस्कवर गप्प केलं. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगर खचून गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. गाव नाहीसं झालंय हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन तो गेला, तर गाव जागेवर नव्हतं. दिवसभर कॉप्या येत होत्या. संध्याकाळी एका कॉपीत वाक्य होतं: ग्रामस्थांवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. लिहिणाऱ्याला त्यात काही दिसलं नव्हतं. मी एकदा वाचली, मलाही दिसलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना माझा हात थांबला. खराखुरा डोंगर कोसळला होता. चिखलाखाली माणसं होती. आणि आम्ही इतकी वर्षं कोणाचा मुलगा परीक्षेत नापास झाला, कोणाची बैलजोडी गेली, की हाच डोंगर उचलून आणत होतो. आता खरा आला तर त्याच्यासाठी आमच्याकडे वेगळा शब्दच शिल्लक नव्हता. मी ते वाक्य काढलं आणि तिथे एसटीच्या चालकाची ओळ घेतली. गाव जागेवर नव्हतं. एवढंच. पुढे २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इरशाळवाडी. त्या दोन्ही वेळी डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगून ठेवलं, की तो वाक्प्रचार आज कुठल्याही कॉपीत राहता कामा नये.

आमच्या नाशिककडच्या बातमीदारीत भावनेचा सगळ्यात मोठा धंदा कांद्यावर चालतो. मराठीने ‘भाव’ या एका शब्दात मन आणि दर दोन्ही ठेवलेत. भाव तेथे देव म्हणणारी माझी आईच बाजारातून आल्यावर ‘आज काय भाव होता गं’ म्हणून विचारते, आणि दोन्ही वेळा तिला नेमकं काय म्हणायचंय ते आपल्याला कळतं. वर्तमानपत्रात मात्र या दोन भावांची गल्लत होते. कांदा महागला की मथळा येतो: कांद्याने आणले गृहिणींच्या डोळ्यांत पाणी. कांदा पडला की: कांद्याने आणले शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. मीही असे मथळे दिलेत, आणि देताना सुचल्याचा आनंदही झालाय. कांदा आहे, डोळे आहेत, पाणी आहे. मथळा आपोआप जुळतो. पण त्या पाण्याच्या मागे किलोला किती रुपये, हे कधीकधी तिसऱ्या परिच्छेदात जातं, कधी जागेअभावी कापलंच जातं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. दर मिळाला किलोला १ रुपया. म्हणजे ५१२ रुपये. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हिशेबाच्या पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने २ रुपयांचा धनादेश दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचा आणि धनादेशाचा फोटो देशभर गेला. त्या फोटोखाली संताप, आक्रोश, हवालदिल यातला एकही शब्द लिहायची गरज नव्हती. मी तो फोटो पाहिला तेव्हा घशाशी काहीतरी आलं, आणि ते दोन दशांश आकड्यांनी आणलं होतं.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. दोन्ही वेळा आमच्या पहिल्या पानावर ‘संताप’ हा शब्द होता, मोठ्या टायपात. मी त्या दिवसांत एकदा लासलगावला गेले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, काका, लोकांच्यात खूप राग आहे का? ते म्हणाले, "ताई, राग आलाय असं नका लिहू. राग काय, उद्या उतरतो. आमचा एकरी खर्च लिहा." आणि त्यांनी तिथल्या तिथे तो सांगितला: रोपं, लागवडीची मजुरी, औषधं, काढणी, कांदाचाळीत भरणी, चाळीत सडलेला माल, गाडी. बोटांवर मोजत सांगितला, मी वहीत उतरवला. फेब्रुवारीत रुपयाने गेला तेव्हा तोटा आमचा, आता जरा उठला तर दाबायचा, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा होता, मागणी होती, तिला हिशेबाचा आधार होता. आम्ही तिला संताप हे नाव दिलं की ती मनःस्थिती होते, आणि मनःस्थितीला कोणी उत्तर देणं लागत नाही. थोड्या दिवसांत ती निवळते, असंच धरून चालतात.

शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणायची आमची सवय याच जातीची आहे. पाऊस पडला, बळीराजा सुखावला. पाऊस लांबला, बळीराजा चिंतातुर. दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, ते एका राज्याचं मागणं आहे. मथळ्यातल्या बळीराजाला मात्र आम्ही फक्त सुखावू देतो किंवा चिंतेत टाकतो. त्याला काही मागू देत नाही.

‘नाराजी’चं तसंच. मंत्रिमंडळात मनासारखं खातं मिळालं नाही म्हणून एखादे नेते गावी जाऊन बसले, तर ती नाराजी. आणि मनमाडसारख्या गावात उन्हाळ्यात पाण्याची पाळी पंधरा-पंधरा दिवसांनी आली, तर तीही नाराजी: ‘नागरिकांतून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे’. एकाची समजूत घालायची असते, दुसऱ्याला पाणी द्यायचं असतं. शब्द एकच वापरल्याने दोन्ही गोष्टी रुसव्याच्या पातळीवर येतात. त्यातून आमचा बातमीदार पुष्कळदा स्वतःच त्या नळापुढच्या रांगेत उभा असतो. ‘नागरिकांतून’ लिहितो तेव्हा त्याला स्वतःबद्दल सांगायचं असतं. ‘मी’ लिहिण्याची त्याला मुभा नाही, म्हणून तो परिसर होतो.

आता त्या शब्दाकडे येते ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. भावना.

आमच्या व्यवसायातला सगळ्यात गाजलेला खटला एका भावनावाचक शब्दाच्या अर्थावर चालला, हे नव्याने डेस्कवर आलेल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते. १८९७. पुण्यात प्लेगचं वर्ष. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या मुखी घातलेली एक कविता आणि शिवोत्सवातल्या व्याख्यानांचा वृत्तान्त आला. त्यानंतर आठवड्याभरात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. जुलैच्या शेवटी टिळकांना अटक झाली. राजद्रोहाचं कलम १२४ अ, १८७० पासून दंडसंहितेत असलेलं. त्या कलमातला कळीचा शब्द मराठीत ‘अप्रीती’ म्हणून येतो: सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवणे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सगळ्या प्रकारचा दुर्भाव त्यात येतो, आणि तो किती तीव्र आहे हे पाहायचं कारण नाही. खरोखर कोणाच्या मनात तो उत्पन्न झाला का, हेही दाखवावं लागत नव्हतं. तसा प्रयत्न झाला असं ठरलं की पुरे. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ११ वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा स्वतःची बाजू स्वतः मांडताना त्यांनी मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर किती तरी वेळ खर्च केला: हा शब्द असा नाही, याची छटा ही नाही, कोर्टाच्या भाषांतरकाराने मूळ वाक्य भडक केलं आहे. शिक्षा सहा वर्षांची झाली, मंडालेची.

मी हे वाचते तेव्हा मला प्रत्येक वेळी एकच गोष्ट अस्वस्थ करते. प्रीती कमी झाली म्हणजे कोणाची? कोणत्या गावातल्या, कोणत्या माणसाची? हा प्रश्न त्या कोर्टात उभाच राहू शकत नव्हता. भावना होती, ती बाळगणारं माणूस दाखवायची गरज नव्हती. आमच्या ‘परिसरातून हळहळ’ची आणि त्या ‘अप्रीती’ची बांधणी इतकी सारखी आहे, की एका संपादकाने जिच्यापायी तुरुंग भोगला तीच बांधणी आम्ही रोज रात्री हाताने लावतो आहोत, असं वाटून जीव थोडा होतो.

धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५ अ १९२७ साली आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालं. त्या कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ अशी अट आहे. नुसतं कोणाला वाईट वाटलं एवढ्याने गुन्हा होत नाही. १२४ अ नव्या संहितेत नाही, ‘अप्रीती’ शब्द गेला, पण त्याच्या ठिकाणी आलेल्या कलम १५२ मध्ये फुटीरतेच्या ‘भावना’ आहेतच. म्हणजे हा शब्द वापरताना आमच्या हातात नुसतं व्याकरण नसतं. कोणाची तरी अटक असते.

आणि आम्ही काय लिहितो? ‘आक्षेपार्ह पोस्ट, समाजाच्या भावना दुखावल्या’. एका माणसाने पोलीस ठाण्यात तक्रार दिलेली असते. कधी पाच जणांनी. ‘समाज’ म्हटला की लाखभर माणसं आली, त्यातल्या पुष्कळांनी ती पोस्ट पाहिलेलीही नसते, आणि उद्या सकाळी आमच्या मथळ्यातूनच त्यांना कळणार असतं की आपल्या भावना दुखावल्या आहेत. मी हे घडताना पाहिलंय. एका तालुक्याच्या गावी संध्याकाळी शांतता होती, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाजारपेठ बंद होती. मधे फक्त अंक पोचला होता आणि काही फोन फिरले होते. त्या अंकातला मथळा माझ्या पाळीतला होता. त्यानंतर मी एक फरक करते आणि इतरांकडून करवून घेते. ‘भावना दुखावल्या’ असं विधान आमचं नसतं. ‘भावना दुखावल्याची तक्रार अमुक यांनी दिली’, असं लिहायचं. ‘ची तक्रार’ एवढीच भर. टाइप करायला दोन सेकंद लागतात. मथळ्यात मावत नाही, अशी कुरकुर होते. मग मथळा दोन ओळींचा करायचा, टाइप एक पॉइंट खाली आणायचा, पण ते दोन शब्द काढायचे नाहीत.

वाहिन्यांवरच्या ‘काय भावना आहेत तुमच्या?’ बद्दल मी फार लिहीत नाही. विश्वचषक जिंकून आलेल्या मुलीला विचारलं तर ती हसून काहीतरी सांगते. हुतात्मा जवानाच्या अंगणात त्याच्या बापाला विचारलं, की तो कॅमेऱ्याकडे बघत राहतो. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी ओळखते. कानातल्या यंत्रातून त्यांना सांगितलं जात असतं, विचार, विचार. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या बापाला मुलाचं शेवटचं पत्र कधी आलं, फोन कधी आला, घर कुठपर्यंत बांधून झालं होतं, हे विचारलं असतं तर तो बोलला असता. माणसं अशाच गोष्टी सांगतात. भावना कोणी सांगत नसतं.

इथपर्यंत मला सगळं स्पष्ट दिसत होतं. मी डेस्कवर हळहळ कापायला लागले होते. शोककळा काढायची, हंबरडा काढायचा, दोर आणि कुंपण घालायचं. वर्षभर मी हे मन लावून केलं, आणि बातम्या सुधारल्या असं मला वाटत होतं.

मग एके दिवशी दोन माणसं कार्यालयात आली. एक पन्नाशीचे, टोपी घातलेले, दुसरा तरुण. त्यांच्या गावातली एक मुलगी सर्पदंशाने गेली होती. ग्रामीण रुग्णालयात लस नव्हती म्हणून पुढे पाठवलं, वाटेत गेली. ती बातमी मी स्वतः लावली होती: किती वाजता दंश झाला, किती वाजता रुग्णालयात पोचले, किती वाजता पुढे निघाले, रुग्णवाहिका केव्हा आली. मला वाटलं, ते आभार मानायला आलेत. टोपीवाल्या काकांनी पिशवीतून अंक काढला, घडी उलगडली, आणि म्हणाले, "ताई, बातमी चांगली आहे. पण आमच्या गावाची हळहळ का नाही छापली? मागच्या महिन्यात शेजारच्या गावात पोरगं गेलं, तर दुसऱ्या पेपरात त्यांची छापून आली होती."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. समजावायचा प्रयत्न केला, की वेळा दिल्याने चूक कुठे झाली ते कळतं. ते मान डोलवत होते. त्यांना ते कळत होतं, त्यासाठी त्यांनी निवेदनही दिलं होतं, त्याची प्रत होती त्यांच्याजवळ. पण ते म्हणाले, "त्या दिवशी गावात चूल पेटली नाही ओ. कोणाच्याच घरी. हे लिहायचं नाही का?"

मला उत्तर आलं नाही. चूल पेटली नव्हती. आम्ही ते विचारलंच नव्हतं. मी हळहळ पोकळ म्हणून काढून टाकली होती, आणि जिथे ती खरोखर होती तिथेही ती काय होती हे पाहायला कोणाला पाठवलं नव्हतं. त्या काकांसाठी वर्तमानपत्रातली ती ओळ म्हणजे आम्ही दुखवट्याला जाऊन बसल्यासारखं होतं. ती नव्हती, म्हणजे आम्ही गेलोच नव्हतो. बातमीतल्या वेळा चोख होत्या, पण त्या वेळा आम्ही दारात उभं राहून टिपून घेतल्या आणि परत फिरलो, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना ते तसं बोलून दाखवता आलं नाही, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही.

त्या रात्री मला बाबांच्या निधनवार्तेची आठवण झाली. ती मीच लिहिली होती, दवाखान्याच्या बाकावर बसून, फोनवर. बाबा एसटीत वाहक होते. मला तो ठरावीक नमुना ठाऊक होता आणि एरवी मी त्यावर नाक मुरडलं असतं. तरी मी लिहिलं: ‘यांचे दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, जावई, चार नातवंडे असा परिवार आहे.’ ‘दुःखद’ खोडायला माझा हात गेला नाही. तेव्हा का गेला नाही ते कळलं नव्हतं. आता कळतं. त्या छोट्या चौकटीत दुःखद म्हटल्यावर लगेच पुढच्या वाक्यात ते कोणाचं हे मोजून दिलेलं असतं. पत्नीचं. एका मुलाचं. दोन मुलींचं. चार नातवंडांचं. अख्ख्या अंकात दुःखाला मालक असतो तो एवढ्याच जागी. म्हणून आई ती चौकट कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवते आणि आल्यागेल्याला दाखवते. तिच्या नावाने नाही, ‘पत्नी’ म्हणून, पण ती तिथे आहे.

आता मी हळहळ कापत नाही. तिच्याआधी एक प्रश्न विचारते, तोच, फोनवर, रात्री कितीही वाजले असले तरी. कोणाची? बातमीदार आधी वैतागतात. मग कोणीतरी चौकात जाऊन उभं राहतं, कोणी शाळेत जातं, कोणी दुकानदाराशी बोलतं. कधी काही मिळतं, कधी नाही. नाही मिळालं तर ओळ जात नाही, आणि जागा रिकामी पडली तर मी तिथे उद्याच्या पाणीपाळीचं वेळापत्रक लावते.

परवा रात्री त्याच बातमीदाराचा फोन आला, शेततळ्यावाल्या. रस्त्यावर पोरगा गेला होता, ट्रॅक्टरखाली.

"ताई, कॉपी टाकलीय. जाऊन आलोय मी."

मी उघडली. रस्त्याचं वळण, नसलेला गतिरोधक, ट्रॉलीला मागे दिवा नव्हता ते. शेवटी एक ओळ होती.

"ही शेवटची?"

"खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं, ताई. आज शाळेत खिचडी शिजली, पण त्याच्या वर्गातल्या पोरांनी ताटं घेतली नाहीत. मास्तर म्हणाले तरी घेतली नाहीत. चालेल ना? हळहळ टाकली नाही मी."

"चालेल," मी म्हटलं. "वर्ग कितवीचा?"

"तिसरी."

"किती मुलं आहेत वर्गात?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "चौदा. हा धरून पंधरा होते. ते पण टाकू?"

"टाक," म्हटलं, आणि पान दहा मिनिटं थांबवलं.